कार्मोझिनाची शंभरी

इटलीतल्या डोंगरी पिएत्रासेरात जिवंत माणसं सहाशे बारा आणि मेलेली चाळीस हजारांच्या आसपास. जिवंतांची खबर सरपंच निकांद्रो ठेवतो, कारण त्याला दर पाच वर्षांनी निवडून यायचं असतं. मेलेल्यांची खबर एर्मेलिंदा कोलासुर्दो ठेवते. पंचायत कचेरीच्या वरच्या मजल्यावर सात लोखंडी कपाटं आहेत. त्यांत १८०९ पासूनचे गावातले सगळे जन्म, मृत्यू आणि लग्नं आहेत. कपाटांच्या किल्ल्या आणि गळ्यातला क्रूस एर्मेलिंदाच्या एकाच साखळीत असतात.

बाविसाव्या वर्षी ती इथे आली ती सहा महिन्यांपुरती, एका आजारी कारकुनाच्या जागी. कारकून बरा होऊन परतला, तिनं लावलेली कपाटं बघितली आणि 'आता इथे माझा पाड लागायचा नाही' म्हणून घरी बसला. त्याला चाळीस वर्षं झाली. एर्मेलिंदानं लग्न केलं नाही. दोनदा मागणी आली होती, पण दोन्ही वेळा तिनं मुलाच्या सहा पिढ्या आधी वाचून काढल्या. एवढं माहीत झाल्यावर कुणाशी संसार करवत नाही, असं ती स्वतःच हसत सांगते.

तिच्याकडे माणसं येतात ती लांबून. आर्जेन्टिना, कॅनडा, ब्राझील. हातात पणजोबाचं नाव लिहिलेला चिठोरा असतो, आणि नाव बहुतेक वेळा चुकलेलं असतं. एर्मेलिंदा तीन प्रश्न विचारते, कपाटाआड जाते आणि अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणते, "सापडले तुमचे पणजोबा. जरा भिजलेत, पण बरे आहेत." मग ती त्यांना बसवते, स्वतः उभी राहते आणि त्यांच्या जन्माची नोंद खणखणीत आवाजात वाचते. प्रत्येक जुन्या नोंदीच्या शेवटी एक ओळ असते: हा लेख हजर असलेल्या सर्वांना वाचून दाखवला. बापाला कुठे वाचता यायचं! कारकून वाचायचा, बाप ऐकायचा आणि खाली एक वाकडी फुली मारायचा. पूर्वजांच्या नोंदीवर मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या कागदासाठी तावातावानं आलेली माणसं त्या फुलीवर बोट ठेवून ढसाढसा रडताना गावानं पाहिली आहेत.

लग्नाच्या बाडांचं तर तिला आजही नवल वाटतं. जुन्या कायद्यानं नवऱ्या मुलाला बापाची संमती लागे. बाप मेला असेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला, मग आजोबाची संमती, आणि आजोबाही गेला असेल तर त्याचाही दाखला. म्हणजे गावातलं प्रत्येक अनाथ पोर आपले मेलेले काखोटीला मारूनच बोहल्यावर चढलं. एर्मेलिंदानं अशी हजारो बाडं उघडली असतील, पण दोरा सोडताना तिचा आवाज अजून खाली जातो. ती वाचते ते खरं, असा गावाचा विश्वास. तिचाही होता, गेल्या ऑगस्टपर्यंत.

त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला कार्मोझिना ताम्बुर्री शंभर वर्षांची होणार होती. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. गावात याआधी कुणी शंभरी गाठलेली नव्हती, त्यामुळे निकांद्रोच्या अंगात आलं होतं. बँड ठरला, केक ठरला, संगमरवराची पाटी कोरून तयार झाली: 'कार्मोझिना ताम्बुर्री, जन्म १९ ऑगस्ट १९२५, पिएत्रासेराची लेक.' आणि चौकात सगळ्यांसमोर एर्मेलिंदानं तिची जन्मनोंद वाचायची, असंही ठरलं.

समारंभाच्या आठ दिवस आधी आर्जेन्टिनातल्या रोसारिओहून नेलिदा आली. कार्मोझिनाच्या थोरल्या भावाची ही पणती. तिला ताम्बुर्रींचं सगळं कूळ हवं होतं, सरकारी नोंदी आणि चर्चमधल्याही. एर्मेलिंदा तिला पाद्री उबाल्दोंकडे घेऊन गेली. उबाल्दो बाप्तिस्म्याची वही दाखवतात, पण वहीवरची नजर काढत नाहीत. कुणी पान खाऊन टाकेल अशी त्यांना भीती असते.

नेलिदानं १९२५ सालच्या नोंदीवर बोट ठेवलं. "ही आपली आत्या ना?"

"हो. बाप मेंढपाळ, आई पास्क्वारोझा."

नेलिदानं पानं उलटली. "मग ही कोण?"

आठ फेब्रुवारी १९२८. पुन्हा कार्मोझिना. बाप तोच, आई पास्क्वारोझाच.

एर्मेलिंदानं वही जवळ ओढली. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं, ही इथली जुनी रीत. एका घरात एक नाव दोनदा दिसलं की मधे एक मूल गेलं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण कपाटांत कार्मोझिना एकच होती, १९२५ ची. तिच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. उलट समासात दुसऱ्या शाईनं लिहिलेलं होतं: १९४९ साली विवाह.

तिनं तीन दिवस कपाटं उपसली. मग तिला आठवलं की नेलिदाचा पणजोबा गावात जन्मलाच नव्हता. तो जन्मला खाली पुलियाच्या मैदानात, ताम्बुर्रींची मेंढरं दर हिवाळ्याला जिथे उतरत त्या मळ्यावर. बायकासुद्धा गव्हातलं तण काढायला बरोबर जात. तिनं तिथल्या चर्चला फोन लावला. ऑगस्टात सगळा देश कुलूप लावून समुद्रावर गेलेला असतो, पण म्हातारे पाद्री कुठे जाणार! तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एका पानाचा फोटो आला. सत्तावीस जानेवारी १९२६. कार्मोझिना, डोंगरातल्या पिएत्रासेराच्या मेंढपाळाची मुलगी, वय पाच महिने, तापानं गेली. मळ्यावरच्या देवळामागे भिंतीलगत पुरली.

सरकारी कचेरी तिथून पंधरा किलोमीटर, तीही हिवाळी पावसाच्या चिखलात. पाद्र्यानं आपल्या वहीत लिहिलं, पण कचेरीत कळवायला कुणी गेलंच नाही. दोन वर्षांनी दुसरी झाली तेव्हा बाप पुन्हा खाली होता, इकडे कमरेइतकं बर्फ होतं आणि जन्म कळवायची दहा दिवसांची मुदत उलटून गेली. कार्मोझिना ताम्बुर्री नावाची एक मुलगी सरकारी वहीत होतीच. तीच नोंद दुसरीला चालली. गावात वाढदिवस कोण करतो? सोळा जुलैला कार्मेलच्या मारिया माउलीचा दिवस, तोच कार्मोझिनांचा सण. म्हणून पाच महिन्यांचं मेलेलं पोर कागदावर शाळेत गेलं, लग्न करून बसलं आणि दर निवडणुकीत मत देत राहिलं. एर्मेलिंदा कपाटासमोरच उभी होती. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीतही हात जोडावेसे वाटले.

पण आता चौकात काय वाचायचं? खोटं वाचायचं, की शंभरीच्या आठवड्यात म्हातारीच्या हातातली शंभरी काढून घ्यायची? दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिस्किटांचा पुडा घेऊन कार्मोझिनाकडे गेली. म्हातारी दारात बसून शेंगा सोलत होती.

"आत्या, एक वाईट बातमी आहे."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. म्हणजे गेलंय, पण नव्याण्णव वर्षांपूर्वी."

"मग घाई कसली? बस. शेंगा घे पुढ्यात."

एर्मेलिंदानं सगळं सांगितलं. फोटो दाखवला. कार्मोझिनाचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे मी शंभरची नाही."

"सत्त्याण्णव."

"तरीच! वर्षभर त्या निकांद्रोला सांगतेय, मेल्या, माझे गुडघे शंभराचे नाहीत. आणि कायदा काय म्हणतो?"

"कायद्यानं तुमचा जन्मच झालेला नाही."

"अगं बाई! मग चार पोरं कुणाला झाली?"

"कोर्टात अर्ज करता येईल, आत्या. दुरुस्ती होते. पण तीन वर्षं लागतात."

"उत्तम. म्हणजे तेव्हा खरोखरीच शंभरची होईन." म्हातारी खो खो हसली. मग हसू कुठेतरी अडलं, आणि शेंगांवरचे हात थांबले.

"एर्मेली," ती म्हणाली, "आई चुलीपाशी बसली की हळूच हाक मारायची. कार्मोझिना, कार्मोझिना. मी धावत जायची. आले, आई! तर ती माझ्याकडे अशी बघायची, की ही कशाला आली. आणि तोंड फिरवायची. एकदा नाही, शंभरदा. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. तिला हवी तशी मी झालेच नाही. म्हणून जास्त पाणी आणायची, जास्त लाकडं आणायची. ती मरताना मी उशाशी होते, तेव्हासुद्धा तिनं तशीच हाक मारली, आणि मी ओ दिली नाही. भीती वाटली मला. नव्वद वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

एर्मेलिंदानं मोबाइलवरचा फोटो पुन्हा तिच्यापुढे धरला.

"ती मला बोलवतच नव्हती गं," कार्मोझिना म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. सुटका होती ती. "कुठे म्हणालीस पुरली? देवळामागे? मग इथे चौकात बसून मी काय करू? शंभरी तिची आहे."

निकांद्रोला हे सांगायला ती स्वतः काठी टेकत कचेरीत गेली. तो डोकं धरून बसला. "आत्या, पाटी कोरून झालीय! बँडवाले सांगून ठेवलेत! लोकांना काय सांगू?"

"बसमध्ये बसा म्हणून सांग. बँडही घे. केक मांडीवर धर, सांडू नको."

एकोणीस तारखेला सकाळी पिएत्रासेरातून एक बस आणि अकरा मोटारी खाली निघाल्या. पास्क्वारोझाला जी वाट चालायला बारा दिवस लागायचे ती अडीच तासांत संपली. निघताना पाद्री उबाल्दोंनी एर्मेलिंदाच्या हातात एक घडी केलेला कागद दिला. १९२८ च्या नोंदीशेजारी समासात काहीतरी बारीक, फिकट लिहिलेलं होतं, ते लॅटिन तिला लागलं नव्हतं. उबाल्दोंनी भिंग लावून दोन दिवसांत ते उकललं होतं. "मी आधी वाचलंय," ते म्हणाले, "तू तिथे गेल्यावर वाच." त्यांचे डोळे लाल दिसत होते.

देऊळ म्हणजे कापलेल्या गव्हाच्या रानात एकटी उभी असलेली एक खोली. मागे भिंत, भिंतीलगत वाळकं गवत. खूण काहीच नाही. एवढी शंभरएक माणसं, पण बँडवाल्यांनीसुद्धा बाजे खाली ठेवले. कार्मोझिनाला खुर्चीत बसवलं. निकांद्रोनं छातीवरचा सरपंचाचा तिरंगी पट्टा नीट केला आणि संगमरवरी पाटी भिंतीला टेकवून उभी केली. त्या पाटीवरचा एकही शब्द तिथे खोटा नव्हता.

एर्मेलिंदा उभी राहिली आणि वाचू लागली. एकोणीस ऑगस्ट एकोणीसशे पंचवीस, सकाळी सहा वाजता, पास्क्वारोझापासून एक मुलगी जन्मली, तिचं नाव कार्मोझिना ठेवलं. एकही अक्षर गिळलं गेलं नाही. हजार वेळा वाचलेली असली नोंद आज पहिल्यांदाच जिची तिला पोचते आहे, असं तिला वाटलं. टोप्या आपोआप उतरल्या. कुणीतरी क्रूसाची खूण केली, मग सगळ्यांनीच केली.

"आता माझं वाच," कार्मोझिना म्हणाली. "मी कधी ऐकलेलं नाही."

एर्मेलिंदानं उबाल्दोंच्या कागदाची घडी उलगडली.

"आठ फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठावीस. काल जन्मलेल्या मुलीला मी बाप्तिस्मा दिला. नाव कार्मोझिना. बाप मेंढरांबरोबर खाली आहे. बर्फामुळे सुईण आली नाही. आईनं स्वतः मूल छातीशी बांधून आणलं. बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नसतो, असं मी तिला दोनदा बजावलं. ऐकलं नाही. म्हणाली, ही मला राहायला हवी आहे."

निकांद्रो केकचा खोका धरून उभ्या उभ्या रडत होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. नेलिदानं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

कार्मोझिना कानाशी हात नेऊन पुढे झुकली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "शेवटचं. आई काय म्हणाली ते."