रिकामी सोडलेली जागा

परवा क्लॅरिनेटची पेटी उघडली आणि खोबरेल तेलात मुरलेल्या जुन्या मखमलीचा वास आला, तसा नरसी गावातला तो लग्नाचा मांडव आठवला. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. वारंगा फाट्यावर आम्ही सहा जणांनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. सिनेमाचं गाणं सुरू होण्याआधी माझा मामेभाऊ व्हायोलिनवर सवाल टाकायचा, मी क्लॅरिनेटवर जवाब द्यायचो, आणि तेवढ्यासाठी पार साखरा गावापासून सुपाऱ्या यायच्या. मग त्यानं कीबोर्ड आणला. एक बटन दाबलं की त्यातून हुबेहूब क्लॅरिनेट वाजायचं. “मंग मी काहून येऊ?” मी विचारलं. “तुझी जागा कोनी घेऊन राहिलं का?” तो म्हणाला. मला ते पटलं नाही आणि महिनाभर आम्ही बोललो नाही. नरसीला भर दुपारी, फेटेवाल्या पाहुण्यांसमोर, त्यानं कीबोर्डवरच सवाल टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी क्लॅरिनेट मांडीवरून उचललं नाही. त्यानं पुन्हा टाकला, तिसऱ्यांदाही टाकला. लोक हसायला लागले. ढोलकीवाल्यानं कसंबसं गाणं पुढे रेटलं, आणि त्यानंतर आम्ही सहा जण कधी एकत्र बसलो नाही. चारचौघांत त्यानं माझी फजिती केली, असंच मी इतकी वर्षं सांगत आलो. परवा पेटी बंद करताना हात थांबला. क्लॅरिनेटचं बटन त्याच्या बोटाखालीच होतं की. तिन्ही वेळा त्यानं ते दाबलं नाही.