आईच्या समुद्राचा विमा

मी एकाच बैठकीत चार विमे काढले होते आणि ते चारही आजपर्यंत अगदी सुखरूप आहेत. त्यांच्या केसालाही कुणी धक्का लावू शकलेलं नाही. मी तर नाहीच नाही!

झालं असं, की आईला समुद्र बघायचा होता. तिचा सगळा जन्म केजमध्ये गेलेला. नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं पाणी, ही कल्पनाच तिला फार आवडायची. तिनं आयुष्यात माझ्याकडं कधी काही मागितलं नाही आणि मागितलं ते एकदम समुद्र! मग मीही इरेला पेटलो. म्हटलं, जवळपासचा कशाला, अंदमानचा निळाशार दाखवतो. आईनं ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत पोचवली. दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा मला विचारत होती, "सर, आईला विमानात बसवून नेणार म्हणं?"

माझी बायको वर्षा म्हणाली, "अहो, एखाद्या सहलवाल्याला देऊन टाका. सगळं तोच बघेल." पण मी पडलो कॉलेजात शिकवणारा माणूस. शिकवणाऱ्याला दुसऱ्यानं काही करून दिलेलं चालत नाही. परळीहून हैदराबादला रेल्वे, ती मी एका ॲपवर काढली. हैदराबादहून पोर्ट ब्लेअरचं विमान दुसऱ्यावर. तिथलं हॉटेल तिसऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी शेवटी एक छोटा चौकोन यायचा, ‘विमा हवा का?’ मी टिक केली. रेल्वेचा विमा, विमानाचा विमा, हॉटेलचा विमा. विमानवाल्यांनी बॅगांचं वेगळं विचारलं, तिथंही टिक! (हो म्हणायचा एवढा उत्साह मला लग्नातही नव्हता.)

"सगळ्याचा मिळून एकच विमा नसतो का?" वर्षानं विचारलं. मी तिच्याकडं अत्यंत दयेनं पाहिलं आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

वडिलांना, म्हणजे आबांना, मात्र चार विमे ऐकून माझा अभिमान वाटला. आमच्या जिल्ह्यात विमा म्हटलं की पीक विमा, आणि आबांचा त्यात हात धरणारा कुणी नाही. रानात पाणी साचलं की कळवायचं, फोटो काढायचे, पंचनामा करून घ्यायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. आबा निघताना कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा सोबत घेऊन निघाले. मला वाटलं, प्रवासवर्णन लिहिणार असतील.

केजहून जीपनं परळी, परळीहून रेल्वे, इथपर्यंत सगळं झकास झालं. पुढं वाटेत कुठंतरी एक मालगाडी बंद पडली आणि तिच्यामागं आम्हीही बंद पडलो. रेल्वे पोचणं आणि विमान सुटणं यांच्यामधलं अंतर मी कागदावर काढलं होतं. कागदावर मालगाडी बंद पडत नाही आणि हैदराबादच्या रस्त्यांवर गर्दीही नसते. आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा आमचं विमान निघून गेलं होतं. काचेतून एक विमान वर जाताना दिसलं. ते आमचंच असावं, कारण आईनं त्याला हात जोडले.

पुढच्या विमानात जागा नव्हती. ज्यात होती, त्याचं तिकीट बघून वर्षानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. मी म्हटलं, काळजी कशाला करता? आपले चार विमे आहेत! आणि फोन परत घेऊन एकेकाला लावायला सुरुवात केली.

विमानाच्या विम्याची बाई म्हणाली, "सर, विमान वेळेवर गेलंय. रद्द झालेलं नाही."

"पण आम्ही त्यात नव्हतो ना."

"हो सर, पण विमानाला काहीच झालेलं नाही."

रेल्वेच्या विम्यावाल्यानं अपघात झाला का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं माझं अभिनंदन केलं. हॉटेलच्या विम्यावाल्यांना घरात कुणी आजारी असायला हवं होतं. हे शेजारी बसलेल्या आबांनी ऐकलं आणि ते एकदम खोकायला लागले! खोकला असा काही रंगला, की समोरच्या माणसानं त्यांना पाण्याची बाटली दिली. शेवटी आईनं त्यांना दटावलं, तेव्हा तब्येत सुधारली. राहिला बॅगांचा विमा. पण बॅगा समोरच होत्या आणि त्यातल्या एकीवर आई बसली होती.

या चौथ्या फोनवरची मुलगी मात्र गुणी निघाली. तिनं माझं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की प्रवासाचे तुकडे वेगवेगळे बुक केले तर विमा सगळ्या प्रवासाचा मिळून एकच घ्यायचा असतो, आणि एक गाडी उशिरा आली म्हणून पुढची हुकली तर भरपाई मिळते का, एवढं त्यात आधी वाचायचं असतं. फोन स्पीकरवर होता. वर्षानं आपला जुना प्रश्न उकरून काढला नाही. तिचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एव्हाना आबा उठले होते. "पंचनामा केल्याबिगर विमा मिळत असतो का बे?" असं मलाच सुनावून त्यांनी कोरा कागद काढला आणि लिहायला घेतलं, ‘आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून पाहिले की, विमान जागेवर नाही.’ मग खुर्च्यांवर बसलेल्या प्रवाशांकडं ते सह्या मागत फिरले. आबांचं पांढरं धोतर आणि आब बघून लोकांनी मुकाट्यानं सह्या केल्या. काय चाललंय हे बघायला बंदोबस्ताचा जवान आला, तर आबांनी त्याचीही सही घेतली! मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, असू द्या, माझा बापही असाच आहे. त्या परक्या मुलखात हे वाक्य ऐकून मला फार बरं वाटलं.

पण आईकडं मला बघवेना. नवी साडी नेसून ती अजून त्या बॅगेवरच बसली होती. विमान, हॉटेल सगळं गेलं तर गेलं, पण गल्लीला ती काय सांगणार होती? पोरानं समुद्र दाखवतो म्हणून नेलं आणि रस्त्यातूनच परत आणलं?

"कावून तोंड पाडून बसलास?" आईच म्हणाली. "ठरल्या दिवशीच घरी जाऊ. तवर हितंच ऱ्हाऊ. ह्या गावात पाणी न्हाई का कुठं?"

मग आम्ही एका साध्या लॉजवर उतरलो आणि संध्याकाळी हुसेनसागरला गेलो. बोटीत आई पुढं बसली. वारं सुटलं होतं, पदर फडफडत होता आणि तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. मी हळूच म्हणालो, "आई, हा तलाव आहे गं."

"मला कळंना व्हय? पल्याडची घरं दिसायलीत की." ती पाण्याकडंच बघत होती. "तू मला दाखवाया निघालास ना? मला पोचलं ते. समुद्र काय, हाय तिथंच ऱ्हातोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात पुन्हा कोऱ्या कागदांकडं गेला. वर्षानं वेळीच त्यांना थांबवलं.

पुढचे दिवस मजेत गेले. आईनं गल्लीसाठी बिस्किटं आणि लाखेच्या बांगड्या घेतल्या आणि ठरल्या दिवशी आम्ही केजला हजर झालो. बायका अंगणात जमल्या. शेजारच्या कमलकाकूंनी विचारलं, समुद्र पाहिला का? आणि माझी आई, जिनं जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, ती म्हणाली, "बघितला की. लई मोठा हाय. माझ्या पोरानं हाताला धरून दाखवला."

मी खांबाला टेकलो. आबांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर वर्षानं त्यात बिस्कीट दिलं. तेवढ्यात आमच्या मागच्या घरातल्या हमीदा चाची पुढं आल्या. चाचींचं केजमध्येच बांगड्यांचं दुकान, माहेर हैदराबादचं आणि या बांगड्याही तिथल्याच! त्यांनी बांगडी उजेडात धरली, फिरवली, आईकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ये तो समंदर किनारेकेच हैं. रंगच बता रहा."

त्या बाईचे उपकार कसे फेडावेत, मला अजून कळलेलं नाही.

पण कमलकाकू माझ्या फोनवरचे फोटो बघत होत्या. "सर, समुद्राला पल्याडचा काठ न्हाई म्हणत्यात. ह्यात तर दिसायलाय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हवा स्वच्छ असली की दिसतो कधीकधी."

आठवड्यानं हमीदा चाची दारात उभ्या. "बेटा, मेरेकू बी वोइच समंदर दिखा दे. भाई से बी मिलना हो जाता." त्यांच्यामागं कमलकाकू. त्यांनाही तोच समुद्र हवा होता. चाचींना सगळं ठाऊक होतं आणि काकूंना काहीच नाही, त्यामुळं आईचा समुद्र हैदराबादलाच आहे असं काकूंना सांगून मी चाचींच्या भरवशावर दोघींची तिथली तिकिटं काढली. येण्या-जाण्याला एकच बस आणि सगळ्या प्रवासाला मिळून एकच विमा.

निघताना काकूंनी पुन्हा खात्री करून घेतली, "सर, पण हैदराबादला समुद्र हाय नव्हं नक्की?"

आतून आई ऐकत होती. मी म्हणालो, "आहे की!"

कॉलेजात मी कोणता विषय शिकवतो, हे सांगायचं राहूनच गेलं. भूगोल.