गोठलेल्या समुद्रावर आमचे सर

उत्तर ध्रुवाकडे जाताना पहिलं संकट आमच्यावर लातूरच्या बसस्टँडवरच ओढवलं. हमालानं बॅग टपावर फेकली, आतली ठेच्याची बरणी फुटली आणि सरांचे लोकरीचे मोजे हिरव्या मिरचीच्या तेलात न्हाले.

"बरं झालं, आता पायाला थंडी वाजणार नाही," मी म्हणाले.

सर हसले नाहीत. सर सहसा हसत नाहीत. हसण्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

सर म्हणजे माझे यजमान. लातुरात त्यांचा फिजिक्सचा क्लास आहे. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी मूळची कंधारची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे मला कुणी काहीच म्हणत नाही.

आमची एकुलती एक मुलगी वैशाली. लोकांची पोरं मेडिकलला लावणाऱ्या सरांची स्वतःची पोरगी मात्र थोडक्या मार्कांनी हुकली. घरात सुतक असावं तसे दिवस गेले. पुढे तिनं बी.एस्सी. केलं, गोव्याला जाऊन समुद्राचा अभ्यास केला, कॅनडात पीएच.डी. मिळवली आणि त्या देशाच्या पार उत्तरेला, इकालुइत नावाच्या गावात, भरती-ओहोटी मोजायच्या नोकरीला लागली. पीएच.डी. मिळाल्याबरोबर सरांनी चौकातल्या क्लासच्या फलकावर तिचा फोटो चढवला. खाली लिहिलं, 'डॉ. वैशाली, कॅनडा'. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्या फोटोच्या चारी बाजूंना मेडिकलला लागलेली मुलं होती, त्यामुळे वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

निघताना शेजारच्या फरीदाभाभी मला म्हणाल्या, "भाभी, वैशूकू बोलना, मेरे घुटनोंके वास्ते उधरकी कोई गोली भेजना."

मी सरांकडे पाहिलं. सर बसचा फलक वाचत होते.

हैदराबादहून विमान, मग आणखी एक विमान, मग तिसरं. शेवटच्या विमानाच्या खिडकीतून नुसतं पांढरं दिसत होतं. झाड नाही, शेत नाही, रस्ता नाही.

"समुद्र कुठं आहे?" सरांनी शेजारच्या प्रवाशाला विचारलं.

त्यानं खाली बोट दाखवलं. सरांनी चष्मा पुसला. जमीन कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो हे कळायला काही मार्ग नव्हता. सगळा समुद्र गोठून दगड झाला होता. तिथले लोक त्याला 'सिकू' (समुद्राचा बर्फ) म्हणतात.

वैशू विमानतळावर आली तेव्हा केसाळ टोपीत तिचं नाक तेवढं दिसत होतं. मी त्या नाकावरून तिला ओळखलं. ते माझंच आहे. लेकीला मिठी मारावी म्हटलं तर दोघींचे कोट एवढे जाड, की दोन गाद्या एकमेकींना भेटल्यासारखं झालं.

गावातली घरं खांबांवर उभी आहेत, लाल, निळी, पिवळी. एका घरापुढे मोठी गाडी थांबली होती आणि एक माणूस जाड पाइप ओढत भिंतीकडे नेत होता.

"वैशू, हे काय गं?"

"पाण्याचा टँकर. नळाचा पाइप पुरायला जमीन कायम गोठलेली, म्हणून बऱ्याच घरांना टँकरनंच पाणी येतं."

मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. सर तर खूषच झाले. "म्हणजे आपलं लातूर काही मागं न्हाई," ते म्हणाले. तीन विमानं बदलून आल्याचं त्यांना प्रथमच सार्थक वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैशूनं आम्हांला किनाऱ्यावर नेलं. मला वाटलं होतं, समुद्र गोठला म्हणजे भरती-ओहोटीलाही सुट्टी असेल. तसं नाही. वर बर्फाचं झाकण असलं तरी खालचं पाणी आपलं काम सोडत नाही. भरतीला ते सगळं झाकण उचलतं, अगदी तीन मजली इमारतीएवढं, आणि ओहोटीला पुन्हा खाली ठेवतं. आत दूरवर बर्फ सपाट राहतो. किनाऱ्याजवळ मात्र ह्या रोजच्या उचला-ठेवीनं त्याचे तुकडे तुकडे होतात. ट्रॅक्टरएवढाले तुकडे एकमेकांवर चढून बसले होते आणि मधल्या फटींत काळं पाणी होतं.

"भरती-ओहोटी, दोन मार्कांचा प्रश्न," सर म्हणाले. "सर्वांत मोठी भरती पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला."

"इथं एक-दोन दिवसांनी येते, बाबा."

"बोर्डाच्या पुस्तकात पौर्णिमेलाच आहे."

"समुद्रानं बोर्डाचं पुस्तक वाचलेलं नाही."

 समुद्राचंच चुकलं असावं, असं सरांच्या चेहऱ्यावर होतं.

त्या दिवशी शेजारच्या मेरीबाईंनी जेवायला बोलावलं. मेरीबाई माझ्याच वयाच्या, तिथल्याच, इन्युइट समाजातल्या. जेवण जमिनीवर. मधोमध पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर गोठलेला कच्चा मासा. मेरीबाईंनी 'उलू' (अर्ध्या चंद्रासारखी बायकांची सुरी) घेऊन त्याचे काप केले. आम्ही माळकरी नसलो तरी कच्चं खाणारे नाही. पण पाहुणचार म्हणून मी एक काप घेतला, बॅगेतला वाचलेला ठेचा त्यावर लावला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. खोटं सांगत नाही, बरा लागला. मेरीबाईंनीही ठेचा चाखला. त्यांचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी बेताचंच. तरी आम्हां दोघींचं छान जमलं. सर पावाचा तुकडा कुरतडत, स्वयंपाक हा विषय अभ्यासक्रमात नसल्यासारखे बसले होते.

पुढच्या आठवड्यात वैशूला बर्फाखाली सोडलेलं भरती मोजायचं यंत्र तपासायला जायचं होतं. आम्हीही निघालो. पुढे बर्फावर चालणारी मोटार, ती वैशू चालवणार. मागे दोरानं बांधलेली 'कमुटिक' (लाकडी घसरगाडी), तिच्यात कातड्यांवर आम्ही दोघं. सरांनी पोटाशी एक पिशवी घट्ट धरली होती. भरती होती तोवर आम्ही किनाऱ्याचे तुकडे सहज ओलांडले आणि सपाट बर्फावर लांब गेलो.

वैशू बर्फाला भोक पाडत होती. मी जवळ उभी होते. एवढ्यात पायाखालून आवाज आला. आधी गुरगुर, मग धडाड् असा मोठा. बर्फ हलल्याचं तळव्यांना कळलं.  मी मटकन खाली बसले आणि ओरडले, "वैशू, बाहेर पळ!"

बाहेर कुठं पळणार? आम्ही बाहेरच होतो.

हा आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे. आमचं घर उभं राहिलं, पण तिकडे गावंच्या गावं झोपेत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही मैदानात झोपलो. वैशू तेव्हा दहावीला होती. लोक भांडंही पडलं की दचकत होते, आणि सरांनी त्याच मैदानात ताडपत्री ताणून क्लास सुरू केला. जमीन थरथरायची, सर अपवर्तन शिकवायचे. "सर भूकंपातही पोर्शन पुरा करतात" अशी त्यांची ख्याती झाली ती तेव्हापासून.

वैशू माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. "आई, काही नाही. भरती उतरायला लागलीय, बर्फ खाली बसतोय. इथं रोज असं होतं."

"तुला भीती वाटत न्हाई?"

"मला भूकंप झाला तेव्हाच विचारायचं होतं, जमीन का हलली. आपल्याकडं भूकंप होत न्हाई असं शिकवलं होतं ना? मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, बोर्डाला येणार न्हाई, टाइम घालवू नको." ती हसली. "मग मी घालवला टाइम. पुढची सगळी वर्षं."

सरांनी हे ऐकलं की नाही, देव जाणे. ते पिशवी उघडत होते. तिच्यातून त्यांनी पांढराशुभ्र डॉक्टरी कोट काढला आणि मागोमाग स्टेथोस्कोप.

"वैशू, एकच फोटो. फलकासाठी. हे अंगावर घाल, मागं बर्फ आला पाहिजे."

वैशू त्या कोटाकडे बघतच राहिली. "बाबा, मी समुद्राची छाती तपासू का आता?"

"तू डॉक्टर न्हाईस का? पीएच.डी. म्हणजे डॉक्टरच."

"मग माझ्या कामाचा फोटो काढा. हे यंत्र, हे भोक."

"भोकाचा फोटो लातुरात कुणाला कळणार?"

वैशूनं तो कोट त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत परत ठेवला. मग वैशू हळू आवाजात म्हणाली, "त्या फलकावरून मला उतरवा, बाबा. मला लाज वाटती. मी काय करते याची न्हाई, तुम्ही लपवता याची."

सरांचा चेहरा लाल झाला. थंडीचा लाल वेगळा असतो. त्यांनी पिशवी उचलली आणि किनारा दिसत होता त्या दिशेला तरातरा चालायला लागले. वैशू ओरडली, "बाबा, थांबा! ओहोटी लागलीय, तिकडं फटी उघडल्यात!" थंडीनं मोटार सुरू व्हायलाच बराच वेळ गेला, मग मला मागच्या घसरगाडीत बसवून ती त्यांच्यामागे निघाली. पण सरांना अडवणं आजवर कुणाला जमलंय?

आम्ही पोचलो तेव्हा सर एका फटीच्या काठावर आडवे पडले होते. एक पाय गुडघ्यापर्यंत समुद्रात जाऊन आला होता. बुटातून पाणी गळत होतं आणि गळता गळता गोठत होतं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मला वाटलं, ह्या माणसाला घेऊन आले, आता एकटीच परत जाणार.

वैशूनं एक क्षण फुकट घालवला नाही. सरांना ओढून मागे घेतलं, बूट उपसला, मोजा कापून काढला. पुसायला दुसरं कोरडं काही हाताशी नव्हतं. तिनं पिशवीतला तो पांढरा कोट घेतला आणि त्यानं पाय खसाखसा पुसला. मग स्वतःच्या कोटाची चेन उघडून ते गारठलेलं पाऊल आत, सरळ आपल्या पोटावर धरलं आणि वरून कोट लपेटला.

"बाबा, हलू नका."

किनारा समोर दिसत होता, पण बर्फाच्या कडा आता खोल खाली गेल्या होत्या. भरती पुन्हा येईपर्यंत जाता येणार नव्हतं. कातडी पांघरून, एकमेकांना चिकटून आम्ही तिघं घसरगाडीत बसलो. थर्मासमधला चहा पोटात गेला तसा सरांना कंठ फुटला.

"तुला गार लागत असंल, वैशू."

"लागतंय की."

"भरती कधी येईल?"

"तिच्या वेळेला."

"जरा लवकर..."

"समुद्राला क्रॅश कोर्स नसतो, बाबा."

मी हसले. आणि काय सांगू, सरही हसले. दात वाजत होते, तरी हसले. थोड्या वेळानं ते खाली बघत म्हणाले, "तू म्हणलीस ते, पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी... ते कसं?"

वैशूनं सांगितलं. एवढं पाणी हलायला वेळ लागतो, चंद्रानं ओढलं तरी ते लगेच येत नाही, वाटेतल्या तळाशी, काठांशी झगडत येतं. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. बर्फ कुरकुरत वर चढत होता. पाण्यानं कडा किनाऱ्याला आणून लावल्या तेव्हा सरांच्या पायाची बोटं गुलाबी झाली होती.

आम्ही लातूरला परतलो आणि सरांनी फलकावरचा वैशूचा फोटो काढला. मग जे झालं ते फक्त लातुरातच होऊ शकतं. फोटो गेला, म्हणजे पोरगी गेली, असा गावानं अर्थ लावला. लोक भेटायला यायला लागले. एक जण तर दारातच डोळे पुसायला लागला. सरांना प्रत्येकाला बसवून सांगावं लागलं, "ती चांगली धडधाकट हाय. डॉक्टर न्हाई. समुद्राचं पाणी मोजती."

"म्हणजे मेडिकलला लागली नव्हती?"

"न्हाई."

काही पालकांनी त्याच आठवड्यात मुलं समोरच्या क्लासला घातली. एका गृहस्थांनी मात्र खुर्ची पुढे ओढून विचारलं, "सर, पाणी मोजायला किती टक्के लागतात? तुमची त्याची बॅच कधी निघून राहिली?" फरीदाभाभी तेवढ्या समजूतदार. म्हणाल्या, "अच्छा हुआ भाभी, डॉक्टर तो हर गल्लीमें हैं."

प्रवासानं माणूस बदलतो असं म्हणतात. आमचे सर फारसे बदलले नाहीत. अजूनही त्यांना सगळं मार्कांत दिसतं. पण रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झालेली असते तेव्हा, ते स्वतः फोन लावतात. पूर्वी पगार आणि तब्येत विचारून झाली की फोन माझ्या हातात यायचा. आता ते विचारतात, "आज पाणी किती चढलं?" मग वैशू बोलत राहते आणि सर कानाला फोन धरून नुसतं हं, हं करत राहतात. लग्न झाल्यापासून मी त्यांना शिकवतानाच पाहत आले होते. ऐकताना त्यांचा चेहरा असा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं.