एकाच घरातले दोन ताप

माकणीची नागम्मा सापाला भीत नसे, तापाला भिई. तिची दोन लेकरं तापानंच नेली होती. उरली होती एकटी बसव्वा.

लढाईच्या दिवसांतल्या एका हिवाळ्यात बसव्वा आणि धाकट्या जावेचा, गिरिजाबाईचा, गुरुलिंग एकदमच फणफणले. दोघांनाही खोकला. दिरानं गाडी जुंपली आणि दोघी जावा लेकरं घेऊन लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आल्या.

डॉक्टरांनी दोघांच्या बोटांना सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि भिंगाच्या यंत्राला डोळा लावला.

"पोराच्या रक्तात पांढऱ्या पेशी लई वाढल्यात," ते म्हणाले. "छातीत जंतू शिरलेत. त्याला ह्या गोळ्या लागू पडतील. पोरीच्या पेशी उलट कमी आहेत. तिचा ताप वेगळ्या जातीचा, त्याला ही गोळी चालत नाही."

"म्हंजी माझ्या लेकराला दवाच न्हाय?"

"पाणी पाजा, ऊब द्या. उद्या पुन्हा रक्त बघतो."

लढाईमुळं गोळ्या मोजक्याच येत. म्हणून पोराला दिल्या आन् पोरीला डावललं, हेच नागम्माच्या मनानं घेतलं.

दोघी लेकरांना घेऊन दवाखान्याच्या पडवीतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी बसव्वा आईलाही ओळखेना. गिरिजाबाईनं हळूच एक गोळी जावेच्या हातावर ठेवली. "अक्का, घ्या. कुणाला कळायचं न्हाय."

नागम्मानं पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात शेजारच्या चटईवर गुरुलिंग खोकला. त्याच्या बरगड्या अजून भात्यासारख्या हलत होत्या. ह्याला एक कमी पडली तर? तिनं तांब्या खाली ठेवला.

"ठिव गं बाई, तुझ्या लेकराची हाय ती," ती म्हणाली आणि आपल्याच हातानं लेकीला मारलं, असं वाटून भिंतीला टेकून बसली.

डॉक्टर आले. त्यांनी बसव्वाचं डोकं उजेडाकडं वळवलं. कानामागं लाल पुरळ उठली होती.

"गोवर आहे. रक्त हेच सांगत होतं."

"साहेब, माझा धाकटा गोवरानंच गेला!"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. "छातीत जंतू शिरले तर तिलाही गोळ्या लागतील. म्हणून तर रोज रक्त बघणार."

रोज सुई टोचली की नागम्मा डोळे मिटून त्यांच्या तोंडच्या शब्दाची वाट पाही. पेशी वाढल्या नाहीत. पुरळ मावळली, ताप उतरला. गुरुलिंगही उठून बसला.

परतीच्या गाडीत नागम्मा लेकीला सारखी हलवून बघत होती.

"अव्वा, झोपू दे की गं!" बसव्वा करवादली.

नागम्मानं तिला झोपू दिलं. पण माकणी येईपर्यंत तिच्या नाकासमोरचा हात काढला नाही.