इंजिनरूमचं दार

अनगोळच्या हरिभाऊंना पोहता येत नाही. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा पाणी गुडघ्याच्या वर चढू दिलं नाही. असा माणूस रोज दुपारी जेवण आटोपलं की खिडकीचा पडदा ओढून पाणबुडीचा कप्तान होतो, हे गल्लीत सांगितलं असतं तर लोक हसले असते. बायको बेबी तर हसायचीच. "बुडलासा का तरंगतायसा?" असं स्वयंपाकघरातून विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता झोपायला जायची.

खेळ लेकीनं, शाल्मलीनं, कॉम्प्युटरवर घालून दिला होता. पुण्याला नोकरीला जाताना जुना कॉम्प्युटर बाबांना ठेवून गेली, रिटायर झालेला माणूस घरात कुरकुरत बसू नये म्हणून. खेळातलं युद्ध ऐंशी वर्षांपूर्वीचं. पाणबुडी घेऊन समुद्रात जायचं, शत्रूची जहाजं बुडवायची आणि जमलं तर घरी यायचं. बोटीवरच्या माणसांना आपल्याला हवी ती नावं देता येत, आणि मेलेला माणूस पुन्हा येत नसे. हरिभाऊंनी एका बोटानं टायप करत नऊ नावं घातली. शाल्मलीला वाटलं, बाबांच्या मित्रांची असतील.

ती नावं फौंड्रीतल्या भट्टीवरच्या पहिल्या पाळीची होती. अकरा वर्षांपूर्वी आषाढातल्या एका सकाळी भट्टीवर होती तीच नऊ माणसं. त्यातली सात अजून आहेत. मारुतीराव आणि ज्योतिबा नाहीत.

उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत हरिभाऊ सुपरवायझर होते. भंगार उघड्यावर पडलेलं, आठवडाभर पाऊस. वितळलेलं लोखंड आणि पाणी यांचं वैर भट्टीवर काल लागलेल्या माणसालाही ठाऊक असतं. ज्योतिबानं ते हरिभाऊंना बोलून दाखवलं होतं. "अण्णा, भंगार भिजलंय. वाळवून घेऊया." हरिभाऊंना माल वेळेत काढायचा होता. ते म्हणाले, "काय हुत न्हाई, टाक रं." त्यानं टाकलं. भट्टी उसळली. ज्योतिबा जागीच गेला, शेजारी उभे असलेले मारुतीराव तिसऱ्या दिवशी.

भट्टीच्या आवाजात ते बोलणं दोघांखेरीज कुणी ऐकलं नव्हतं, आणि दोघांतला एक गेला होता. चौकशीला आलेल्या साहेबापुढे हरिभाऊ म्हणाले, "मी थांब म्हटलो हुतो. त्यानं ऐकलं न्हाई." मेलेल्याच्या माथी मारलं की उलट उत्तर येत नाही.

ज्योतिबाची बायको यशोदाबाई आणि मारुतीरावांची बायको जयाबाई, दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. पूर्वी त्या भिंतीवरून आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. त्या दिवसापासून जयाबाईनं तिकडे तोंड केलं नाही. माझा नवरा हिच्या नवऱ्यानं मारला, एवढंच ती म्हणायची, आणि गल्लीलाही ते पटलं. पितृपंधरवड्यात यशोदाबाई ज्योतिबाचा म्हाळ घालायची, घरोघर सांगून यायची, पण गल्लीतलं कुणी पानावर बसायला जात नसे. हरिभाऊ तेवढे जायचे. दर वर्षी. ती खीर वाढत म्हणायची, "तुमीच माणूस म्हणायचं. बाकीच्यास्नी आमी मेलो." त्या खिरीचा घास हरिभाऊ कसा गिळत होते ते त्यांनाच ठाऊक. न जावं तर संशय येईल ही भीती, आणि गेलं की लाज. अकरा वर्षं हेच.

यंदाही ती आली. "हरिभाऊ, उद्या म्हाळ हाय. बारापतोर या." जिना उतरताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा ती म्हातारी झाल्याचं त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. हिला खरं सांगायचं असेल तर आता किती दिवस उरलेत, असं मनात येऊन गेलं.

मग त्यांनी जे केलं ते शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे. गावाकडे देवळात रवळनाथाला कौल लावतात, मूर्तीवर लावलेलं फूल उजवीकडून पडलं तर होय, डावीकडून पडलं तर नाही. हरिभाऊंनी कॉम्प्युटरला कौल लावला. आजवर त्यांनी एकटीदुकटी जहाजं गाठली होती. जहाजांच्या ताफ्यावर कधी हल्ला केला नव्हता, कारण ताफ्याभोवती राखणीच्या बोटी असतात आणि त्यांना ही नऊ माणसं गमवायची नव्हती. आज ताफ्यात शिरायचं. नऊच्या नऊ परत आले, तर झालं गेलं फिटलं, उद्या गप जेवून यायचं. नाही आले तर यशोदाबाईला सगळं सांगायचं.

ताफा दिसला तेव्हा बेबी घोरत होती. हरिभाऊंनी इंजिन बंद करून बोट खाली धरली. राखणीची पहिली बोट डोक्यावरून गेली. जहाजांच्या दोन रांगांमध्ये त्यांनी हळूच दुर्बीण वर काढली आणि चार टॉर्पेडो सोडले. दोन लागले. तेलाचं जहाज पेटलं आणि पडद्यामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा चेहरा उजळला. क्षणभर ते लहान मुलासारखे खूश झाले.

मग राखणदार फिरले. खाली समुद्राचा तळ जवळ, आणखी खोल जायला जागा नाही. बॉम्ब पडायला लागले. टेबलावरची चष्म्याची डबी स्पीकरच्या धक्क्यानं सरकत होती. इंजिनरूम फुटली. हरिभाऊंनी गळती थांबवायला हाताशी होता तो माणूस आत पाठवला, आणि मग त्याचं नाव वाचलं. ज्योतिबा. पाणी चढत होतं. पलीकडच्या खोलीत ते शिरलं की बोट गेली, आठ माणसं गेली. मधलं दार लावलं तर बोट वाचणार होती. ज्योतिबा आत होता.

हरिभाऊंनी दार लावलं.

फुटलेल्या इंजिनरूममधून तेल वर गेलं. बोट बुडाली समजून राखणदार निघून गेले. अर्ध्या तासानं पाणबुडी वर आली. मोहीम यशस्वी, असं खेळानं लिहिलं. खाली लहान अक्षरांत, मृत एक.

डावा कौल मिळाला की देवाशी हुज्जत घालणारी माणसं असतात. नीट लावला नाही म्हणतात, पुन्हा लावा म्हणतात. हरिभाऊ त्यातलेच निघाले. ताफा दिसायच्या आधीचा खेळ साठवलेला होता, त्यात नऊही जिवंत होते, तो त्यांनी पुन्हा उघडला. ह्या वेळी ज्योतिबाला आत पाठवायचंच नाही, असं ठरवलं. पण बॉम्ब पडले, इंजिनरूम फुटली, ज्योतिबा पाठवण्याआधीच आत काम करत होता, आणि हरिभाऊंचं बोट दाराच्या बटणावर आधीच जाऊन बसलं होतं. पहिल्या वेळी नाव वाचून ते थबकले होते. दुसऱ्या वेळी हातानं तेवढीही वाट पाहिली नाही, दार लावलं.

ते कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसले. भ्यायले ते आता, बॉम्ब थांबल्यावर. दहा वेळा खेळ मांडला तरी हा हात दहा वेळा दार लावेल, हे त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला ते गेले. भिंतीलगतच्या पडवीत सहा पानं मांडली होती, पाच रिकामी. यशोदाबाईनं वडे वाढले, खीर वाढली. "बसा की. जेवा." हरिभाऊ पानावर बसले आणि घासाला हात न लावता त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "जयाबाई, जरा हिकडं या."

जयाबाई भिंतीपाशी आली. ती काही बोलायच्या आत त्यांनी बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.

"भंगार भिजलंय म्हणून ज्योतिबानं मला सांगितलं हुतं. मीच टाक म्हटलो. थांब म्हटलो न्हाई. साहेबाला खोटं सांगितलं. मारुतीरावास्नी त्यानं न्हाई मारलं. दोघंबी माझ्यामुळं गेले."

यशोदाबाईच्या हातात खिरीचं पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं. ती रडेल असं हरिभाऊंना वाटलं होतं, शिव्या देईल असंही वाटलं होतं. तिनं फक्त त्यांच्या पानाकडे बघितलं.

"अकरा वर्सं जेवलासा हितं."

"व्हय."

"उठा."

वाढलेल्या पानावरून कुणी कुणाला उठवत नाही. वैऱ्यालाही नाही. हरिभाऊ उठले. दारात चपला पायात घालताना एक उलटी घातली गेली, ती सरळ करायला ते वाकले. कोपऱ्यात लावलेल्या ज्योतिबाच्या फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही. मागे भिंतीपलीकडे जयाबाई तशीच उभी होती, पदर तोंडाशी धरून.

ते रस्त्याला लागले तेव्हा यशोदाबाईचा आवाज आला. हळू होता, पण ऐकू आला.

"जया, पान मांडलंय. ये, बस."