दुडक्या चालीचा संसार

माळावरून चालून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. मुद्दाम कुणी चिकटवत नाही, पण एक उपटायला बसावं तर दहा सापडतात. घोड्यांच्या डॉक्टरशी लग्न केल्यावर किस्स्यांचं माझं तसंच झालं. परवा नातसुनेनं विचारलं, "आजी, नवीन लग्न झालं तेव्हा तुम्ही दोघं बसून काय बोलायचात हो?" म्हटलं, "अगं, बसलो असतो तर बोललो असतो ना!"

लढाईचे दिवस. नगरच्या कॅम्पात मिलिटरीची धावपळ, आणि आमचे हे जात्याच पायाला भिंगरी लावलेले. भिंगारला दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मी, हे आणि सासूबाई. त्यात स्वस्थ बसणाऱ्या फक्त सासूबाई!

* * *

पहिला किस्सा लग्नाच्या मांडवातलाच.

माझ्या माहेरी, श्रीगोंद्याला, एवढंच कळलं होतं की मुलगा डॉक्टर आहे आणि नोकरी सरकारी आहे. कसला डॉक्टर, ते कुणी विचारलंच नाही! पंगती उठल्या तशी माझ्या आत्यानं जावयाला कोपऱ्यात गाठलं. "गुडघा फार धरतो हो. बघता का जरा?"

हे पडले लाजाळू. नाही म्हणवेना. खाली बसले, लुगड्यावरूनच गुडघा चाचपला आणि गंभीर झाले. "चालून दाखवा."

आत्या चालली. हे वाकून तिच्या पावलांकडं बघत राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या आतोबांना म्हणाले, "असं नाही कळायचं. यांना जरा हाताला धरून दुडक्या चालीनं पळवून आणा!"

जावई कुणाचा डॉक्टर आहे, ते त्या क्षणी सगळ्यांना कळलं.

आणि आतोबांनी खरंच पळवून आणलं हो!

* * *

ह्यांचं जेवण मी कधी पुरतं होऊ दिलं नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मी कुठली, रस्ता होऊ द्यायचा नाही! आमच्या दारावरून कॅम्पाकडं जाणारे टांगे धावायचे. हे पहिला घास तोंडात घालायचे आणि हात तसाच धरून ऐकत बसायचे. "मागचा डावा दुखतोय." की उठले! खरकट्या हातानं रस्त्यात उभे, टांगा थांबवून घोड्याचा पाय मांडीवर. भात गार.

हळूहळू माझेही कान तयार झाले. भाकरी थापता थापता हात थांबायचा. टप टप टप, आणि एक टाप मागं राहिलेली. जिवाला नुसती चुटपुट लागायची. घोडा माझा ना टांगा माझा!

एकदा हे पहिला भात जेवत होते. बाहेरून टांगा आला. ह्यांच्या आधी मी ओळखलं! म्हटलं, "पुढचा उजवा. लंगडतोय."

ह्यांनी कान दिला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"घोडा ठणठणीत आहे," हे म्हणाले. "चाक लंगडतंय. ताक वाढ."

* * *

मग आवई उठली की घोड्यांचे डॉक्टर ब्रह्मदेशाच्या बाजूला धाडणार. ऑर्डर कधीही येईल! ह्यांनी त्याच दिवशी होल्डऑल बांधून दाराशी ठेवला. घरातली एकुलती एक चांगली गादी त्यात. आम्ही झोपायचो सतरंजीवर.

आज येईल, उद्या येईल. पोस्टमन दिसला की मी दार लोटून घ्यायची. हे अंगणात येरझाऱ्या घालायचे. मी म्हणायची, "अहो, सोडा ती गादी." हे म्हणायचे, "सोडली की ऑर्डर येईल." सासूबाई म्हणाल्या, "अरे, ऑर्डर तुला यायचीय की गादीला?"

शेवटी ऑर्डर आली. हातात कागद घेऊन हे भिंतीला टेकले. मला रडू फुटलं.

"कुठं?" मी विचारलं.

"राजूर," हे म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढं. एक तट्टू आजारी आहे."

मला इतका आनंद झाला की मीही निघाले! अकोल्यापर्यंत मोटार मिळाली. पुढं डोंगराची वाट. राजूरच्या त्या तट्टूवाल्यानं आम्हांला न्यायला गडी आणि एक तट्टू धाडलं होतं. मला तट्टावर बसवलं आणि हे बाजूनं चालू लागले. थोडं गेल्यावर ह्यांचा चेहरा बदलला. कान तट्टाच्या नाकाशी. "उतर."

"का?"

"याला धाप लागतेय. उतर म्हणतो ना!"

उतरले. भर उन्हात आम्ही तिघं चालतोय आणि तट्टू रिकामं! हे सारखे पुटपुटतायत, "असलं जनावर न्यायला धाडतात! मालक भेटू दे, चांगला फैलावर घेतो."

राजूरला पोचलो तेव्हा माझे पाय सुजले होते. मालक हात जोडून पुढं आला. हे कडाडले, "ते राहू दे. आजारी तट्टू कुठंय?"

"ह्येच की, डागतर!" मालक म्हणाला. "म्हनलं, तुमास्नी आनायला कुनीतरी जायचंच हाय, तर त्यालाच धाडावं. वाटंत तपासून हुईल!"

* * *

हे कुठंतरी पाथर्डीकडं गेले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी आमच्या दारात हुसेनभाई टांगेवाले आले. टांगा नाही, नुसती घोडी. आणि धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडत होता.

"बाई, डॉक्टरसाब किधर? इचं पोट धरलंय!"

घोडी सारखी पोटाकडं वळून बघत होती आणि गुडघे मोडून बसायला करत होती. ह्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं, घोड्याचं पोट धरलं की त्याला लोळू द्यायचं नाही. लोळलं की आतडं पिळतं आणि घोडा जातो. रडण्याच्या भरात हुसेनभाईंना लगाम धरवेना. मी पदर खोचला आणि घोडी धरली!

भिंगारच्या भर रस्त्यातून नऊवारी नेसलेली मी घोडी फिरवतेय. वर जायचं, खाली यायचं. ती बसायला बघायची, मी ओढायची. ओढ्याकडच्या बायका पाणी भरायचं सोडून बघत राहिल्या. ऊन चढलं, उतरलं. तिच्या अंगाला घाम, माझ्याही. मी तिला म्हणत होते, "बसू नकोस ग, बाई, बसू नकोस." कुणाच्या जिवासाठी इतकी गयावया मी त्याआधी कधी केली नव्हती.

दिवे लागायच्या सुमाराला ती थांबली, शेपूट उचललं आणि रस्त्यातच भरपूर लीद टाकली! हुसेनभाईंनी आकाशाकडं हात केले आणि पळतच सुटले. आले ते पेढे घेऊन! साऱ्या आळीला वाटत सुटले.

सासूबाईंना आतून एवढंच दिसलं की पेढे आले. हात पुढं करून त्यांनी विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"लीद, अम्मा!" हुसेनभाई म्हणाले. "लीद हुई!"

* * *

पुढं कॅम्पात घोडे कमी होऊ लागले आणि लॉऱ्या वाढल्या. ह्यांची झोप उडाली. "घोडेच गेले तर मी काय करू?" सकाळी एक बेत, संध्याकाळी दुसरा. मीच एकदा वैतागून म्हटलं, "मग मोटारीचं शिका!"

दुसऱ्या दिवशी हे खरंच स्टेशन रोडवरच्या एका गॅरेजात हजर. आता इतक्या वर्षांची सवय! मोटारीच्या मागनं जाईनात. बाजूनं गेले, बॉनेटवर थोपटलं, मग कान लावला. मेस्त्री पोट धरून हसला. "डॉक्टर, बिनधास्त जवळ या! लाथ नाय मारत ती!"

मेस्त्रीनं मोटार सुरू करायचं हँडल ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी जोर लावून फिरवलं. इंजिन खोकलं, हँडल उलटं फिरलं आणि ह्यांचं मनगट मोडलं!

हात गळ्यात बांधून घरी आले. मी हळद उगाळायला धावले. हे मात्र शांत. "इतकी वर्षं घोड्यांत काढली," म्हणाले, "लाथ मारली ती मोटारीनं."

* * *

साहेब लोक निघून जायला लागले, त्या दिवसांतला एक सांगते.

कॅम्पात एका गोऱ्या साहेबाची घोडी होती. पांढरी, उंच, म्हातारी. एका डोळ्यानं दिसायचं नाही. साहेबाचं सामान बांधून झालं होतं आणि दुपारी त्याला मोटारीनं स्टेशनवर जायचं होतं. सकाळी त्यानं ह्यांना बोलावलं. म्हणाला, "माझ्यामागं हिला कुणीतरी टांग्याला जुंपील. मला ते नको. तू गोळी घाल." आणि स्वतःचं पिस्तूल ह्यांच्या हातात दिलं.

मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून मी तिथंच होते. साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात, तबेल्याकडं पाठ करून उभा. हे घोडीला घेऊन तबेल्याच्या मागं गेले. मी डोळे मिटले. धाडकन आवाज झाला. झाडावरचे सगळे कावळे उठले. साहेबानं टोपी काढली आणि आत निघून गेला.

ह्यांनी शिपायाकडं पिस्तूल दिलं. मला म्हणाले, "चल घरी." आणि मागं बघते तर घोडी! ह्यांच्या हातात तिचा दोर.

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "अहो, गोळी झाडलीत ना?"

"झाडली."

"मग?"

"चुकली."

घोडी केवढी, तर भिंतीएवढी! आणि हे तर तिचा दोर हातात धरून!

तेवढ्यात मागून मोटारीचा भोंगा वाजला. वळून बघितलं तर साहेब! आता नोकरी गेली, कदाचित तुरुंगसुद्धा. मोटार थांबली. साहेब उतरला आणि ह्यांच्याकडं न बघता सरळ घोडीपाशी गेला. तिनं त्याच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं आणि बिस्कीट काढून घेतलं. तो तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

मग ह्यांच्याकडं वळला. "डॉक्टर, तुमारा निशाना बहुत खराब है."

"यस सर," हे म्हणाले.

साहेब मोटारीत बसला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तसा काच खाली करून म्हणाला, "ऐसाही रखना!"