सासूबाईंच्या रांगेतली बारावी जागा

माझ्या सासूबाई बसच्या कंडक्टर. तीस वर्षं लोकांना बसवून नेलं आणि निवृत्त झाल्यावर गल्लीतली पोरं शाळेत पायी न्यायला निघाल्या. नसती उठाठेव. गळ्यात शिट्टी, घरातसुद्धा. एक वाजली की जागच्या जागी थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. दहा वर्षं ऐकून माझं डोकं उठलं होतं.

अकरा पोरं रोज आमच्याच फाटकाशी जमायची. एक शिट्टी, मग मोजणी, आणि मोठ्याने, "बारावी जागा रिकामी." ती जागा माझ्या लेकीची. सगळ्या गल्लीसमोर मला टोमणा. मी गाडीची काच वर करायचे आणि लेकीला घेऊन त्यांच्या शेजारून धूळ उडवत जायचे.

"शाळा हाकेच्या अंतरावर आहे गं," त्या म्हणायच्या. "पोरीला पाय दिलेत ते कशाला?"

"पोर माझी आहे. तुमच्या बसमधला उतारू नाही."

नवरा पेपरात डोकं खुपसायचा. लेक दोघींच्या तोंडाकडे बघायची. तिला रांगेतच जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त राग.

त्या सोमवारी शाळेपाशी गाड्यांची नेहमीची झुंबड. सासूबाईंची रांग माझ्या आधी पोचलेली, रस्ता ओलांडायला उभी, हेही रोजचंच. समोरून येणारा गाडीवाला हॉर्न वाजवून जीव खात होता.

"उतर पटकन," मी लेकीला म्हटलं. दार आपटल्याचा आवाज आला आणि मी गाडी मागे घेतली.

एक शिट्टी.

माझा पाय ब्रेकवर कधी गेला ते कळलंच नाही. दहा वर्षांची सवय. आरशात कुणी दिसत नव्हतं. उतरून मागे गेले, तर लेक चाकाशी वाकलेली, घरंगळलेली पाण्याची बाटली उचलत होती. चाक आणि तिचं डोकं यांच्यात वीतभर अंतर.

सासूबाई रांगेसकट रस्ता ओलांडून आल्या. लेकीचा हात धरून तिला शेवटच्या पोराच्या मागे उभं केलं आणि पहिल्यापासून मोजलं.

"बारा," त्या म्हणाल्या. मग दोन शिट्ट्या.

मला त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि नंतरही नाही. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.